चार मयत कपाशी

सेमाडोहला होतो तेव्हा माझ्याकडे वाघ होते. मग अंजनगाव सुर्जीला बदली झाली आणि माझ्याकडे घारी आल्या.

हा उतार किती मोठा आहे, हे वनखात्याबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मेळघाटातला वनपाल लग्नाला गेला, की पंगतीत त्याच्याभोवती माणसं गोळा होतात. "साहेब, दिसला काय?" एवढंच विचारतात. कोण दिसला, हे विचारावं लागत नाही. खरं सांगायचं तर तिथल्या सगळ्या नोकरीत मला वाघ फार थोड्या वेळा दिसला आणि तेव्हाही बहुतेक त्याची पाठच दिसली. पण पंगतीत मी त्याला रोज समोरून पाहत असे. अंजनगावला आल्यावर पहिल्याच लग्नात बायकोच्या मावसभावानं विचारलं, "भाऊजी, आता काय सांभाळता?" म्हटलं, "शेतावरचे पक्षी. घारी, शिकरे, घुबडं." त्यानं माझ्या पानात एक बुंदीचा लाडू जास्तीचा वाढला. लोक दुखवट्याला आल्यावर खांद्यावर हात ठेवतात ना, तसा तो लाडू होता. त्या दिवसापासून सासुरवाडीत माझा हुद्दा वनपालाचा घारपाल झाला.

गेल्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यामुळे आता मोकळेपणानं लिहायला हरकत नाही. मला एक कबुलीही द्यायची आहे. ती मध्येच कुठेतरी येईल. उडी मारून पुढे वाचू नका.

आधी धंदा सांगतो. कोणी शिकारी पक्षी मारला, की वनपालानं जागेवर जायचं, दोन पंच बोलवायचे, पंचनामा करायचा, मेलेला पक्षी जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचा, गुन्हा नोंदवायचा आणि कागद वरच्या साहेबाकडे पाठवायचे. वाघाला जो कायदा आहे, तोच घारीलाही आहे. हे मी गावोगाव सांगत फिरलो आणि गावोगाव लोक माझ्याकडे असे पाहत, जणू मी मुंगीला रेशनकार्ड द्या म्हणतोय. आमच्या वऱ्हाडात जे वर उडतं आणि खाली पाहतं, त्या सगळ्याला घार म्हणतात. ससाणा घार, शिकरा घार, दिवसा उठलेलं घुबडसुद्धा घार. गरुड तेवढा वेगळा, कारण तो देवळात असतो आणि त्याला कोंबडी लागत नाही. मुलीचे डोळे घारे असले, तर ते बायोडाट्यात पहिल्या ओळीत लिहितात. पण ज्या पक्ष्यावरून तो शब्द आला, तो अंगणात उतरला की गोफण शोधतात.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. अमरावतीच्या एका कापड व्यापाऱ्यानं सकाळी फोन केला, "गच्चीवर घुबड बसलंय, ताबडतोब न्या." नेलं. तीन दिवसांनी त्यांचाच फोन. आवाज एकदम मऊ. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, की ते लक्ष्मीचं वाहन असतं. "साहेब, आमचं घुबड परत आणून देता काय?" मी म्हटलं, "सोडून दिलं." ते म्हणाले, "मग दुसरं असेल तर पाहा." सेमाडोहच्याही आधी दोन वर्षं अकोल्याला होतो, तिथं एका कबूतरवाल्यानं ससाण्याविरुद्ध लेखी अर्ज दिला होता. त्याची शेवटची ओळ मला पाठ आहे: 'तरी सदर पक्ष्यास कार्यालयात बोलावून समज देण्यात यावी.' तो अर्ज आवक रजिस्टरला रीतसर चढला होता. आमच्याकडे अर्ज चढायला कारण लागत नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट बबनरावांची.

अंजनगावच्या पुढे एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथं बबनरावांचं वावर. अर्ध्यात कपाशी, अर्ध्यात हरभरा, आणि घराला लागून गावरान कोंबड्यांचा मोठा खुराडा. बबनराव साठीला आलेले, गळ्यात पांढरा दुपट्टा, बोलणं असं की समोरच्याला चापट बसली तरी हसू यावं. प्रगतिशील शेतकरी म्हणून त्यांचा दोनदा सत्कार झाला होता आणि दोन्ही वेळच्या शाली बैठकीत खिळ्याला टांगल्या होत्या.

त्यांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बाभूळ होती. तिच्यावर कापशीचं घरटं होतं. कापशी हा पक्षी ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: आकारानं कावळ्याहून लहान, अंग पांढरंराखाडी, खांद्यावर काळा डाग, आणि डोळे लालभडक. वाऱ्यात पंख फडफडवत एका जागी थांबते, जणू तिला वरून कोणी दोरीनं धरलंय, आणि मग सरळ खाली येते. खाते काय, तर उंदीर. शेतकऱ्याच्या वावरात फुकट राबणारी एवढी कामसू बाई दुसरी नाही. कोंबडीचं पिल्लू ती सहसा उचलत नाही. पण बबनरावांची पिल्लं कमी होत होती, आणि वर पाहिलं की हीच दिसायची.

जानेवारीतल्या एका सकाळी गावातून फोन आला, "साहेब, बबनभाऊच्या वावरात घारी पडल्या." मी गेलो. धुऱ्यावर चार कापशी पडल्या होत्या. आई किंवा बाप, त्यातलं एक, आणि त्या सालची तीन पिल्लं, चांगली उडती झालेली. चौघींच्या चोचीला फेस. तिथंच खुंट्यांना दोऱ्यानं पाय बांधलेले तीन-चार उंदीर. उंदरांना औषध चारायचं आणि अर्धमेले असताना धुऱ्यावर बांधून ठेवायचं, अशी ती युक्ती होती. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात.

"बबनराव, हे काय?"

"काय म्हंजे? घारी मेल्या."

"चार?"

"चार. देवाची करणी."

"देवानं उंदरांच्या पायाला दोरा बांधला?"

"त्याच्या मनात आलं असन."

जमलेली माणसं हसली. मी शक्य तेवढा गंभीर चेहरा करून म्हटलं, "आणि ह्या घारी नाहीत. ही कापशी आहे."

"कपाशी?" बबनरावांनी हात लांब करून वावर दाखवलं. "कपाशी तं हे होय, साहेब. तुमी शहरातले."

"कापशी. काना 'क'ला आहे, 'प'ला नाही." हे मी शाळामास्तरच्या थाटात, एक बोट वर करून सांगितलं. ते बोट पुढे मला बरंच महागात पडलं.

पंच म्हणून रशीदभाई उभे राहिले. त्यांचं गावात पशुखाद्याचं दुकान. दुसरे पंच पोलीस पाटील. ते 'सही कुठं करायची' एवढंच बोलले आणि सही करून गेले. मागून कोणीतरी विचारलं, "साहेब, पंचनामा झाला, आता तेरवी केव्हा हाय?" रशीदभाईंनी उंदराच्या पायाचा दोरा हातात घेऊन उजेडात धरला. निळ्यापांढऱ्या पिळाचा दोरा. "ये तो अपने दुकान के पोते का धागा है," ते कौतुकानं म्हणाले. "निया-पांढरा. कोंबडीच्या खाद्याच्या पोत्याची शिवण असते ना, साहेब, ते उसवून..." आणि मग त्यांना आठवलं, की त्या गावात कोंबडीचं खाद्य पोत्यानं घेणारं गिऱ्हाईक एकच आहे, आणि ते समोर उभं आहे. त्यांनी दोरा हळूच माझ्या हातात दिला, गरम वस्तू द्यावी तसा. पण बोललेलं लिहून झालं होतं.

तेवढ्यात बाभळीतून फडफड ऐकू आली. पाचवी तिथं होती. पायात दोरा अडकून काट्याला उलटी लोंबकळत होती. तिनं उंदीर उचलला होता, पण दोरा काट्यात गुंतला आणि उंदीर खायच्या आधीच खाली पडला. त्यामुळे ती वाचली. मी शिडी मागवली, वर चढलो आणि दोरा कापला. तिनं उपकार म्हणून माझं बोट फोडलं. तिच्या डाव्या पायाचं मधलं बोट दोऱ्यानं पार काळं पडलं होतं. डॉक्टरांनी ते काढून टाकलं आणि आठवडाभर ती आमच्या घरी साबणाच्या खोक्यात राहिली. बायको म्हणाली, "सेमाडोहला असताना निदान काही घरी आणत नव्हता."

पंचनामा चालू असताना बबनरावांच्या घरच्यांनी, कुसुमवहिनींनी, चहा आणला. कपबशी देताना हळूच म्हणाल्या, "अवो साहेब, पिलं तं मांजर नेते. म्या सोता पाह्यलं."

"तू चूप बस," बबनराव म्हणाले.

"मांजर यायच्या लाडाची हाय. म्हणून राग घारीवर काढून राहिले."

हे मी जबाबात लिहून घेतलं. मांजर बबनरावांच्या मांडीवर बसून ऐकत होती.

त्या संध्याकाळी मी फार खूश होतो. दोरा आहे, पंच आहे, घरच्या माणसाचा जबाब आहे. उभ्या नोकरीत शिकारी पक्ष्याची एकही केस मला कोर्टात टिकवता आली नव्हती. ही टिकणार होती. आणि ही टिकली, तर निदान त्या धुऱ्यावर पुन्हा उंदीर बांधले जाणार नव्हते. कारण आठवड्यानं मी पाचवीला लांब नेऊन, पार चिखलदऱ्याच्या पायथ्याला सोडलं, आणि चौथ्या दिवशी नऊ बोटांची... म्हणजे सात बोटांची, पक्ष्याला एका पायाला चारच असतात, ती सात बोटांची बाई पुन्हा बबनरावांच्या बाभळीवर येऊन बसली. तिचा जीव आता माझ्या कागदावर होता.

आणि कागद मीच लिहिला होता. चूक माझी, हे आधीच सांगून टाकतो. मी लिहिलं होतं, 'धुऱ्यावर चार कापशी मयत आढळल्या.' 'पक्षी' हा शब्द मी लिहिला नाही. विसरलो नव्हतो, मला तो कमीपणाचा वाटला. वाघाच्या पंचनाम्यात कोणी 'वाघ नावाचा प्राणी' लिहितं का? मग माझ्या कापशीनं काय घोडं मारलंय? सहा वर्षं वाघाच्या पंगतीत बसलेल्या माणसाचा तो तोरा होता.

कागद टाइप करायला इंगोले बाबूंकडे गेले. इंगोले बाबू आमच्या कार्यालयाचे लिपिक. अत्यंत सज्जन, आणि शुद्धलेखनाचे एवढे कट्टर, की साहेबांच्या रजेच्या अर्जातली वेलांटी दुरुस्त केल्याशिवाय ते तो पुढे सरकवत नसत. त्यांनी 'कापशी' वाचलं, माझ्या अज्ञानाबद्दल मान हलवली, आणि प्रत्येक ठिकाणी काना 'क'वरून उचलून 'प'वर ठेवला.

पुढचा मजकूर जसाच्या तसा देतो. 'विषय: शेतात चार कपाशी मयत आढळल्याबाबत.' 'सदर चारही कपाशींच्या तोंडास फेस होता.' 'शेजारील बाभळीवर पाचवी कपाशी जिवंत, उलटी लोंबकळत असताना मिळून आली.' 'तिला खाली घेत असताना सदर कपाशीने वनपालाच्या बोटास चावा घेतला.'

असा तो कागद. इंगोले बाबूंनी विचार केला, कपाशीचं प्रकरण आपल्याकडे कशाला? त्यांनी वर पत्र जोडलं: 'सदर बाब आपल्या विभागाशी संबंधित असल्याने मूळ कागदपत्रे पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर.' साहेबांनी सही केली. तालुक्याच्या कृषी कार्यालयानं आवक शिक्का मारला. तिथल्या साहेबांनी समासात 'त्वरित पाहणी करावी' असं लिहिलं. चावणाऱ्या कपाशीचा कागद दोन कार्यालयं आणि चार सह्या ओलांडून गेला आणि एकाही माणसाच्या भुवईचा एक केस हलला नाही.

तो शेवटी कृषी सहायक वानखडे मॅडमच्या हातात पडला. मॅडम नव्या होत्या, पायात बूट घालून खरोखर वावरात उतरणाऱ्या. पुढे मी त्यांना विचारलं, "तुम्हाला काही वाटलं नाही?" त्या म्हणाल्या, "वाटलं ना, सर. पण मला वाटलं वनखात्याची भाषा अशी असेल."

त्या बबनरावांच्या वावरात गेल्या. तिथं काय झालं ते, खाद्याचं पोतं टाकायला तिथं गेलेल्या रशीदभाईंनी मला नंतर दुकानात बसवून दोन्ही आवाज काढून सांगितलं.

"काका, तुमच्या चार कपाशी मेल्या म्हणतात," मॅडम म्हणाल्या.

बबनराव वनखात्याच्या कागदाची वाट पाहत धास्तावून बसले होते. त्यांनी मॅडमच्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "कागद वाचून दाखवा बरं."

मॅडमनी वाचला. बबनरावांनी डोळे मिटून, पोथी ऐकावी तसा ऐकला. मग उठले, आणि वाळलेली चार झाडं दाखवली. "ह्या पाहा. ह्या होत."

"अन् बाभळीवरची?"

"ते साहेबांनी घरी नेली."

मॅडमनी झाडं पाहिली, मुळं उपटून पाहिली, हरभऱ्यात फिरल्या, घाटेअळी पाहिली आणि उंदरांची बिळं पाहिली. बिळं भरपूर होती. उंदीर खाणाऱ्या चौघी मेल्यावर असायचीच. मग त्यांनी शिफारस लिहिली: वावरात पक्षीथांबे लावावेत. पक्षीथांबा म्हणजे काही विशेष नाही. दोन लाकडं, एक उभं, एक आडवं. त्यावर पक्षी बसतात, अळ्या खातात, उंदीर खातात, फवारणी वाचते. मॅडमना तालुक्यात नमुन्याचं एक वावर दाखवायचं होतं, आणि बबनरावांसमोर त्या क्षणी गुन्हेगार किंवा नमुना असे दोनच रस्ते होते. त्यांनी ताबडतोब नमुना व्हायचं ठरवलं. पंधरा दिवसांत वावरात जागोजागी थांबे उभे राहिले आणि रस्त्याला पाटी लागली: 'पक्षीथांबे प्रात्यक्षिक क्षेत्र', खाली बबनरावांचं पूर्ण नाव.

मला हे सगळं ती पाटी वाचून कळलं. मी मोटरसायकल तशीच वळवली आणि कार्यालयात येऊन इंगोले बाबूंसमोर उभा राहिलो.

"बाबू, तुम्ही माझी कापशी काय केली?"

"शुद्ध केली," ते म्हणाले, आणि कौतुकाची वाट पाहू लागले.

मी रागारागात शुद्धिपत्रक लिहिलं: 'कपाशी' ऐवजी 'कापशी' वाचावे. एवढा एक कागद साहेबांच्या सहीनं गेला, की मूळ कागद परत येणार, गुन्हा उभा राहणार, बबनराव कोर्टात जाणार. साहेब त्या दिवशी दौऱ्यावर होते. मी घरी जाताना मुद्दाम बबनरावांच्या वावरावरून गेलो, त्यांच्याकडे शेवटचं एकदा कुत्सितपणे पाहावं म्हणून.

आणि पाहतो तर मधल्या थांब्यावर ती बसलेली. डाव्या पायावर भार न देता, जरा तिरकी. ऊन उतरत होतं. दोन ओळींपलीकडे, हात लांब केला तर तिला लागेल एवढ्या अंतरावर, बबनराव हरभऱ्याचे घाटे तोडत होते. त्यांनी मला पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू, साहेब. मॅडमनं मोजायले सांगतलं. फारम भरा लागते."

मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. आता माझं गणित ऐका. शुद्धिपत्रक दिलं, तर बबनराव आरोपी होतील, पाटी निघेल, थांबे निघतील, आणि कोर्टाची पहिली तारीख यायच्या आत पाचवीही धुऱ्यावर सापडेल. नाही दिलं, तर ती जगेल आणि त्या चौघींचा हिशेब कोणी विचारणार नाही. बरोबर काय, ते मला आजही ठामपणे सांगता येत नाही. मी शुद्धिपत्रक टेबलाच्या खणात टाकलं आणि खणाला कुलूप लावलं. हीच ती कबुली. सरकारी कागद दाबून ठेवणाऱ्यांवर मी आयुष्यभर विनोद केले, त्यांच्यात आता माझंही नाव घाला.

त्यानंतरचे दोन हिवाळे बबनराव फार रंगात होते. नांदगाव पेठेच्या कारखान्यात नोकरीला असलेला जावई आला, तर त्यालाही ते वावर दाखवून आणत. शेतकऱ्यांच्या सहली येत. बबनराव काठीनं दाखवत, "हे दयाळ. हे कोतवाल. अन् हे लाल डोयाची, हे मले मंजूर झालेली हाय."

"पक्षी मंजूर होते काय, भाऊ?"

"कागद हाय माह्याजवळ. अर्ज करा, तुमालेबी भेटन."

तिला जोडीदार मिळाला. पुन्हा बाभळीवर घरटं झालं. मांजर कोंबडीची पिल्लं नेतच होती, पण आता बबनराव कोणाचंच नाव घेत नसत. मी गेलो की कुसुमवहिनी चहा देत आणि म्हणत, "माणसापक्षा पाटीनं जास्त सुधरले."

माझ्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. दुपारी मी कार्यालयात बसलो होतो. बबनराव आले. नेहमी दारातूनच काहीतरी बोलत येणारा माणूस, त्या दिवशी गप्प. गळ्यातला दुपट्टा हातात, त्याचं गाठोडं. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि सोडलं.

कापशी होती. चोचीला फेस. मी तिचा डावा पाय पाहिला. मधलं बोट नव्हतं. उजव्या पायात दोऱ्याचा तुकडा गुंतला होता, निळ्यापांढऱ्या पिळाचा.

"बबनराव," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"म्या नाई केलं."

"दोरा तुमच्या पोत्याचा आहे."

"आता तं अर्ध्या गावात कोंबड्या हायत, साहेब. शेजारी उत्तमरावनं केलं. धुऱ्यावर उंदरं बांधून ठेवले होते त्यानं. म्या जाऊन इचारलं, कावून केलं बे? तं तो म्हणते, भाऊ, तुमच्याकडूनच तं शिकलो."

पंखा फिरत होता. पलीकडे इंगोले बाबूंनी टाइप करणं थांबवलं होतं.

"परवा मॅडमची पाहणी हाय," बबनराव एकदम चिडून म्हणाले. "वरचे साहेब येऊन राहिले. अन् पक्षी नाई. काय दाखवू मी त्याहिले, लाकडं?"

"म्हणून आलात?"

ते दुपट्ट्याच्या टोकानं तिच्या चोचीचा फेस पुसायला लागले. मी त्यांचा हात धरला. तो फेस पुरावा होता.

"ऐका," मी म्हटलं. "मी उत्तमरावांचा पंचनामा करीन. ते सांगतील, की बबनभाऊंकडून शिकलो. मग आधीच्या चार निघतील. तुमचंही नाव येईल. पाटी जाईल."

"जाऊ द्या."

"विचार करा."

"केला. येतानी सारा रस्ता तेच करून राहिलो." ते खुर्चीवर बसले. "लिहा. अन् साहेब, काना 'क'ले द्या. 'प'ले देऊ नका."

माझी लेखणी थांबली. "तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्सं कपाशी पेरून राहिलो. कपाशी चावते काय?" मग म्हणाले, "मॅडमनं वाचलं तवाच समजलं, का काना सरकला. मले वाटलं, सुटलो. तुमी काही बोलले नाई, म्हणून मीबी बोललो नाई."

म्हणजे दोन वर्षं आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून वहिनींच्या हातचा चहा पीत होतो, आणि दोघांच्याही पोटात तोच एक काना होता. मी खणाचं कुलूप काढलं. शुद्धिपत्रक पिवळं पडलं होतं. ते मी नव्या पंचनाम्याला जोडलं.

पुढचं आधी सांगून टाकतो, कारण कोर्टाचा शेवट कधी येईल ते कोणालाच माहीत नाही. केस चालू आहे. बबनराव तिच्यात फिर्यादी आहेत, साक्षीदार आहेत आणि आरोपी क्रमांक दोनही आहेत. तिन्ही नावांचा पुकारा झाला, की एकटेच उठून उभे राहतात. पाटी गेली. थांबे मात्र त्यांनी काढले नाहीत. मला उशिरा आल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस मिळाली. म्हणजे शुद्धिपत्रकाला उशीर झाल्याबद्दल, पण नोटीस टाइप करणाऱ्यानं मला उशीर झाला असं लिहिलं, आणि मी ती तशीच मान्य केली. उशीर मलाच झाला होता.

पण त्या दुपारी पंचनामा इंगोले बाबूंकडे टाइपला गेला, तेव्हा बबनराव उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि पडद्यावर एकेक अक्षर उमटताना पाहू लागले. 'धुऱ्यावर' उमटलं. 'एक' उमटलं. मग बाबूंची बोटं थांबली, आणि सवयीनं काना उचलायला निघाली.

"बाबू, हात नका लावू तिले."

"अहो, पण असा शब्दच नाही," इंगोले बाबू कळवळून म्हणाले. "माझ्या शब्दकोशात पाहा. कपाशी आहे, कापशी कुठेही नाही."

"तुमच्या पुस्तकात नसन," बबनराव म्हणाले. "माह्या वावरात होती."